आईचं गोंदण न पुसणाऱ्या ताईंस

ताई,

सप्रेम नमस्कार.

आईच्या डिजिटल चित्रात पाच वेळा बदल सांगूनही तुम्ही ठरल्यापेक्षा एक रुपया जास्त घेतला नाहीत. तेव्हा आभार तरी चारचौघांत मानावेत, म्हणून हे पत्र.

वर्षश्राद्ध तीन आठवड्यांवर आलं आणि लक्षात आलं, आईचा धड एक फोटो घरात नाही. आधार कार्डावरचा तर कुणाचाही वाटेल. हसताना ती एकाच फोटोत सापडली, भाच्याच्या लग्नात, वीस जणांच्या रांगेत अगदी कडेला, कुणाचं तरी कोपर तिच्या खांद्यावर. आधी तो एका दुकानात मोठा करायला दिला. त्यांनी कुठल्याशा अ‍ॅपमधून काढून दिला. सुरकुत्या गेल्या, चेहरा मेणाचा झाला आणि हनुवटीवरचं गोंदण डाग समजून पुसलेलं. धाकटी बहीण बघून म्हणाली, "ही कोण?"

मग तुम्हाला फोन केला. पहिल्यांदा माझीच हजेरी घेतलीत. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो साधा पाठवला की बारीक होतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा! १२ बाय १८ इंचाची प्रिंट, इंचाला ३०० ठिपके, म्हणजे चित्र ३६०० बाय ५४०० पिक्सेलचं हवं. आमच्या फोटोत आईचा चेहरा जेमतेम २०० पिक्सेल रुंद. "हे मोठं करून भागणार नाही, नव्याने रंगवावं लागेल," तुम्ही म्हणालात. आणि लगेच विचारलंत, "आईंचा चेहरा एवढा रुंद होता का हो?" नव्हता. मोबाइलची लेन्स कडेच्या माणसांना ताणते, हे मला तेव्हा कळलं.

तुमचे प्रश्न काही संपेनात. नाकातली चमकी खड्याची की सोन्याची? कुंकू की टिकली? गोंदणाचे ठिपके किती? चोपन्न वर्षं तो चेहरा बघितला, ताई, आणि ठिपके किती ते मला सांगता येईना. गडहिंग्लजला मावशीला फोन लावला. तीन, मधला पुसट.

लुगड्याच्या रंगावरून तर आमच्यात भांडण झालं. मी म्हणतो जांभळा, बहीण म्हणते वांगी. त्या इरकलीची गोधडी झालेली आहे हे कळल्यावर तुम्ही तिचा फोटो मागितलात, तोही सकाळच्या उजेडात, उन्हात नाही, शेजारी एक कोरा पांढरा कागद ठेवून. कागद पांढरा दिसेपर्यंत फोटो सुधारायचा, मग लुगड्याचा रंग खरा धरायचा. बहीण जिंकली.

आधी नुसत्या करड्या रंगातली आई पाठवलीत, फक्त उजेड आणि सावली. रंगांचे थर त्यावर नंतर चढले. चूक पकडायला तुम्ही मधूनमधून चित्र उलटं करता, डावं उजवीकडे. तसं एक चुकून माझ्याकडे आलं. तीच आई, पण अनोळखी. नंतर वाटलं, आरशात तिला स्वतःचा चेहरा असाच दिसत असणार.

थोरल्या भावाने मध्येच फर्माईश केली: गळ्यात बोरमाळ घाला, रंग जरा उजळ करा. आमच्या घरात ही खोड जुनीच. आजोबांचा कृष्णधवल फोटो स्टुडिओवाल्याने हाताने रंगवलाय. फेटा लाल आणि गालही लाल. आजोबा उभ्या जन्मात एवढे गुलाबी नव्हते! तुम्ही भावाला न दुखवता सांगितलंत, "बोरमाळ मी पाच मिनिटांत रंगवीन. पण गळ्यात सोनं असतं तर आईंनी मान वेगळी धरली असती. आणि रंग उजळला तर फोटोतलं संध्याकाळचं ऊन खोटं पडेल." भाऊ गप्प बसला. असं क्वचितच होतं.

प्रिंटच्या आधी फक्त चेहऱ्याचा छोटा तुकडा छापून बघा, हेही तुम्हीच बजावलंत. स्क्रीन स्वतः उजळते, कागद नाही. खरंच काळपट आलं. तुम्ही रात्री अकराला दुसरी फाइल पाठवलीत.

वर्षश्राद्धाला मावशी आली. चष्मा काढून चित्राच्या अगदी जवळ गेली आणि हनुवटीवर बोट टेकवलं. म्हणाली, "जत्रेत दोघी एकदमच बसलो होतो. मधला टोचताना हिने मान हलवली, म्हणून तो पुसट. अन् वर रडले मीच." ही गोष्ट आम्ही तिघा भावंडांनी पहिल्यांदाच ऐकली. मग तिने स्वतःची हनुवटी पुढे केली. तिथेही तीन.

आजऱ्याचा घनसाळ तांदूळ पाठवतोय, पाच किलो. पैसे जास्त घेत नाही, हे तांदळाला लागू नाही.

तुमचा,
गोधडीवाल्या आईचा मधला मुलगा