टोपलीतला रावस आणि हद्दीवरचा पापलेट

महोदय,

गेल्या रविवारी वेसाव्याच्या बाजारात एका बाईंनी माझ्या बायकोला विचारलं, "हा इंडियन सॅमन केवढ्याला?" टोपलीत होता रावस. हे हॉटेलवाल्यांचं नाव, खऱ्या सॅमनशी रावसाचं काही नातं नाही. पण त्यावरून मुलगा मोबाइलवर सॅमनबद्दल वाचत बसला.

सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला बहुतेक त्याच नदीत परततो. कॅनडाच्या नद्यांकडे निघालेला मासा वाटेत अमेरिकेच्या अलास्कावाल्यांच्या जाळ्यात जातो. दोन्ही देशांत या माशाच्या वाटपाचा 1985 पासून करार होता, तरी 1997 च्या जुलैत कॅनडाच्या मच्छीमारांनी प्रिन्स रूपर्ट बंदरात होड्या आडव्या घालून अलास्काची प्रवासी बोट तीन दिवस अडवली. 1999 मध्ये नव्या अटी ठरल्या. या करारासाठी नेमलेल्या दोन्ही देशांच्या आयोगाच्या समित्यांवर मच्छीमारही बसतात, हे वाक्य मी मुलाला दोनदा वाचायला लावलं.

आपल्याकडे 2023 मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा केलं, गुजरातने घोळ माशाला. दोन्ही मासे दोन्हीकडे मिळतात! आपल्या राज्याने 54 जातींची किमान लांबी ठरवली, चांगलं केलं. पण इथे वाचलेलं पिल्लू गुजरातच्या हद्दीवरच्या झाई गावापलीकडे गेलं की त्याचा हिशेब दुसऱ्या राज्याकडे आणि बारा सागरी मैलांबाहेर गेलं की केंद्राकडे. एलईडी दिवे लावून मासे ओढण्यावर केंद्राची 2017 पासून बंदी आहे. अवसेच्या रात्री माझ्या होडीवरून पश्चिमेला बघा, उजेड दिसतो.

आम्हीही धुतल्या तांदळाचे नाही. डोल, म्हणजे आमचं पिशवीसारखं जाळं, ओढली की बोंबील-जवळ्याबरोबर नखाएवढा पापलेट वर येतो. मेलेलाच असतो, पाण्यात टाकून काय उपयोग? कुटीत, म्हणजे सुकवून भुकटी करायच्या मासळीत जातो.

सॅमन निदान कुठल्या नदीचा ते सांगता येतं. पापलेटाचं तसं नाही, "आमचा मासा" म्हणून भांडायचीही सोय नाही. त्यामुळे पावसाळी मासेमारीबंदीच्या तारखा आणि जाळ्याचा आस (भोकाचं माप) दोन्ही राज्यांच्या मच्छीमारांना समोरासमोर बसवूनच ठरवायला हवा. 1 जून ते 31 जुलै आमच्या होड्या शाकारलेल्या असतात, तेव्हा बोलवा. बैठक झाईला ठेवा नाहीतर पलीकडे गुजरातेत उंबरगावला, भाडं आमचं आम्ही भरू.

— एक तांडेल (होडीचा प्रमुख), वेसावे कोळीवाडा, मुंबई