सात आकडे, सात सह्या

काका,
साष्टांग नमस्कार.

नाव छापू नकोस म्हणालात, म्हणून नुसतं काका. पण आभार मात्र चारचौघांत मानणार आहे. माझा पाणउताराही चारचौघांतच झाला होता.

बी.एस्सी.च्या चौथ्या वर्षाच्या प्रबंधासाठी मी कंपोस्टच्या इंदूर पद्धतीचा इतिहास हा विषय सुचवला, तेव्हा आमचे ज्येष्ठ सर भर वर्गात म्हणाले, "विज्ञान झेपत नाही, ते इतिहासाकडे वळतात." इतिहासाच्या मॅडमनी विचारलं, "सायन्सच्या मुलीचं आमच्याकडे काय काम?" केंब्रिजला नॅचरल सायन्सेसच्या मुलांना शेवटच्या वर्षी विज्ञानाचा इतिहास हाच मुख्य विषय घेता येतो, हार्वर्डला तो पदवीपासून आहे, आपल्याकडेही त्याला वाहिलेलं संशोधन-नियतकालिक 1966 पासून निघतंय. हे सगळं मला ठाऊक होतं. पण ऐकून घ्यायलाच कोणी तयार नव्हतं. दोन महिने मी रोज स्वतःलाच विचारत होते, आपलंच काही चुकतंय का?

लोकमान्यनगरात तुमच्याकडे आले ती कोणीतरी सांगितलं म्हणून. तुम्ही उभं आयुष्य शेतकी शिकवण्यात घालवलेलं. मला वाटलं, फार तर दोन पुस्तकं द्याल. तुम्ही 'द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर' काढलंत, 1931 चं, आणि ही पद्धत मांडणाऱ्या इंग्रज शेतीशास्त्रज्ञाच्या, अल्बर्ट हॉवर्डच्या नावाखालच्या दुसऱ्या नावावर बोट ठेवलंत. यशवंत वाड. "इंदूर पद्धत म्हटलं की सगळे हॉवर्ड म्हणतात. हा आपला माणूस कुठे गेला, ते बघ." माझा प्रबंध त्या बोटाखाली सुरू झाला.

1924 साली होळकर दरबाराच्या 300 एकर जमिनीवर उभी राहिलेली हॉवर्डची इंदूरची शेती-संशोधन संस्था, कपाशीच्या कडक पळकाट्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घ्यायची ती युक्ती, शेण, राख, गोमूत्रानं भिजलेली गोठ्यातली माती, हे सगळं मी वाचलं होतं. तुम्ही म्हणालात, नुसतं वाचून भागायचं नाही. या विषयाला कागद वाचता यायला हवा आणि प्रयोगही हातानं करून बघायला हवा. मग तुमच्या परसात आपण कंपोस्टचा ढीग लावला.

ढीग लागला आणि लगेच माझी परीक्षा आली. नेमक्या ज्या दिवसांत तो तापतो, त्याच दिवसांत. पुस्तकात 65 अंशांपर्यंत जातो असं लिहिलंय, आणि मी घरी पेपरचा अभ्यास करत बसलेली! वाटलं, झालं, आकडे गेले.

परीक्षा संपल्यावर आले तेव्हा तुम्ही कॅलेंडरचं एक जुनं पान हातात दिलंत. पाठीमागे पेन्सिलीनं आखलेल्या सात ओळी. तारीख, वेळ, अंश. चौथ्या ओळीत 63, आणि बाजूला बारीक अक्षरात, "हात ठेववत नाही." प्रत्येक ओळीच्या शेवटी तुमची सही. मी म्हटलं, काका, सही कशाला? तुम्ही म्हणालात, "थर्मामीटर मी वाचलाय. तू वाचलेला नाहीस, तर तुझ्या नावावर कसा जाईल?"

त्या क्षणी मला रडू आलं, आणि तुम्हाला वाटलं मी दुखावले. काका, तसं नव्हतं हो. वाडांचं नाव मागे का पडलं, हॉवर्डसोबत आयुष्यभर संशोधन केलेल्या त्याच्या पत्नीचं, गॅब्रिएलबाईंचं नाव किती जणांना माहीत आहे, हेच तर मी महिनोन् महिने शोधत होते. आणि तुम्ही पहाटे गुडघे धरत परसात उतरून, कोणी बघत नसताना, सात आकड्यांचा हिशोब इतका चोख ठेवलात. ज्यांच्या दारातून मी रिकाम्या हातानं परतले त्यांच्याकडे पदव्या होत्या, खोल्या होत्या, कपाटं भरून पुस्तकं होती. त्यांना कधी विचारावंसं वाटलं नाही की मुली, तुझा प्रश्न तरी काय आहे? तुम्ही पहिल्या भेटीत, चहा यायच्या आधी, तेच विचारलंत. अशी माणसं या शहरात आहेत म्हणून माझ्यासारख्या मुली टिकतात.

प्रबंध परवा दिला. परिशिष्टात ते पान जसंच्या तसं जोडलंय, तुमच्या सात सह्यांसकट. तिथे मात्र नाव झाकलेलं नाही, तेवढं माफ करा.

ढिगाला आता तीन महिने होतील. रविवारी सकाळी चाळण घेऊन येते. आईनं मोगऱ्यासाठी एक घमेलं मागितलंय.

तुमची,
चौथ्या वर्षाची मुलगी