तात्या, तुमच्या लोखंडी गुडघ्याबद्दल

कोल्हापूर,
खंडेनवमी

तीर्थस्वरूप तात्या यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आज सकाळी हत्यारांची पूजा झाली. दरवर्षी पाटावर तीनच वस्तू असायच्या: शिलाई मशीन, मोठी कात्री आणि मामंजींची हातोडी. यंदा चौथं, म्हणजे तुम्ही करून दिलेलं फोम दाबायचं यंत्र, पाटावर मावेना, म्हणून पूजाच त्याच्यापाशी नेली. पायडल पुसलं, गुडघ्याच्या तिन्ही पिनांना तेल घातलं, दाबदांड्याला झेंडूची माळ बांधली. ह्यांनी नारळ फोडला. प्रसाद वाटताना मनात आलं, हे ज्यांनी करून दिलं त्यांना आपण धडपणे ‘आभारी आहे’ असंसुद्धा म्हटलेलं नाही. तुम्ही मिरजेला लेकीकडे राहायला गेलात त्या दिवशी टेम्पोत सामान चढवण्याच्या गडबडीत मी नुसती पाया पडले आणि बाजूला झाले.

म्हणून हे पत्र. ते चारचौघांत लिहितेय, कारण गादीकाम करणारी माझ्यासारखी माणसं गावोगावी आहेत आणि त्यांचीही मनगटं रोज झिजतायत. तुम्ही काय केलंत ते त्यांनाही कळू दे.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पफी म्हणजे पाय ठेवायला किंवा पटकन बसायला असतं ते गादीचं बुटकं स्टूल. प्लायचा गोल किंवा चौकोनी सांगाडा, वर चार इंच फोम, त्यावर कापड किंवा रेक्झीन. बघायला सोपं. पण कापड ताणून सांगाड्याच्या खालच्या बाजूला पिना मारायच्या असतात, आणि ते ताणायचं तर आधी फोम दाबून धरावा लागतो. दाबलेला असताना पिना मारल्या, की सोडल्यावर फोम वर उसळतो आणि कापड आतून ताणून धरतो. दाबला नाही तर आठ दिवसांत वर बसणाऱ्याच्या खुणा उमटतात, कापड सैल पडतं, आणि गिऱ्हाईक पफी परत घेऊन येतं.

मामंजींच्या वेळी काथ्या होता. काथ्या पसरायचा, सुतळीने टाचून बसवायचा, वर कापसाचा थर द्यायचा आणि चुका ठोकायच्या. काथ्या एकदा बसला की बसला, तो उलटा जोर करत नाही. फोम आला आणि सगळी ताकद उलटीकडून लागायला लागली. (फोमचं रसायन मुळात १९३७ मध्ये जर्मनीत ऑटो बायर यांनी शोधलं, हेही तुम्हीच मला सांगितलंत. ज्या मालावर माझं घर चालतं त्याचा मूळपुरुष मला तोवर माहीत नव्हता.)

आमच्याकडे फोम दाबायचं यंत्र म्हणजे ह्यांचा गुडघा. पफी उलटी करून जमिनीवर ठेवायची, हे तिच्यावर उजवा गुडघा रोवून भार देणार, दोन्ही हातांनी कापड ओढणार आणि मी गनने पिना मारणार. बावीस वर्षं असंच चाललं. मग ह्यांची बोटं रात्री बधिर व्हायला लागली. मनगटातली नस दबलीय, ओढकाम बंद करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. नेमकी तेव्हाच एका नव्या मंगल कार्यालयाची चाळीस पफींची ऑर्डर घेतलेली होती आणि आगाऊ पैसे फोम-प्लायमध्ये गेले होते.

मी एकटीने करून बघितलं. सांगाड्यावर पाटा ठेवला, त्यावर तांदळाची गोणी. पहिली बाजू नीट ओढली जायची, पफी फिरवली की गोणी घसरायची. एकदा पाटा पायाच्या बोटांपासून वीतभर लांब पडला. पुण्याच्या एका विक्रेत्याला हवेवर चालणाऱ्या प्रेसची किंमत विचारली आणि आकडा ऐकून फोन ठेवून दिला. त्या संध्याकाळी तुम्ही दूध आणायला निघाला होतात. दुकानाच्या पायरीशी थांबलात आणि विचारलंत, “काय गं पोरी, दुखतंय कुठं तुला?”

तात्या, सगळे मला विचारत होते की ऑर्डरचं काय होणार. कुठं दुखतंय हे तुम्ही विचारलंत.

त्यानंतरचे चार दिवस माझ्या मनातून जात नाहीत. रोज दुपारी तुम्ही कोपऱ्यातल्या स्टुलावर येऊन बसायचात आणि नुसते बघायचात. हातात वहीसुद्धा नाही. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाचा वेळ जात नसेल. पाचव्या दिवशी घरून वजनकाटा घेऊन आलात. काट्यावर फळी ठेवलीत, फळीवर अठरा इंची फोम, त्यावर सांगाडा, आणि ह्यांना म्हणालात, नेहमीसारखा गुडघा टेका. चार इंचांचा फोम पावणेतीन इंचांवर आला तेव्हा काटा साठ किलोच्या आसपास थांबला. तुम्ही खडूने भिंतीवर आकडे लिहिलेत: अर्ध्या इंचाला किती, एका इंचाला किती, सव्वा इंचाला किती. ते आकडे अजून तिथंच आहेत. गणपतीच्या आधी भिंतीला रंग दिला, तेवढा चौकोन सोडून.

त्याच दिवशी मला ‘४० डेन्सिटी’चा अर्थ कळला. एका घनमीटरला चाळीस किलो वजन, एवढंच ते सांगतं. फोम कडक की मऊ हे सांगत नाही. एकाच डेन्सिटीचे दोन तुकडे तुम्ही काट्यावर दाबून दाखवलेत आणि दोघांचा जोर वेगळा निघाला. बावीस वर्षं आम्ही दुकानदाराशी भांडत होतो की डेन्सिटी खोटी दिली म्हणून. आता फोम घ्यायला जाते तेव्हा आधी अंगठ्याने दाबून बघते, मग भाव विचारते.

मग तुम्ही म्हणालात, “स्क्रू नको. दर पफीला पंधरा फेरे फिरवत बसशील, त्यातच दिवस जाईल. आपण गुडघाच बनवू.” तुमच्या उमेदीत तुम्ही खडी क्रशरची दुरुस्ती केलेली. दगड फोडणाऱ्या जबड्यामागे जी टॉगल प्लेट असते, तिचंच तत्त्व. दोन पट्ट्या मध्ये सांध्याने जोडलेल्या, वाकलेल्या गुडघ्यासारख्या. पायडल दाबलं की गुडघा सरळ व्हायला लागतो आणि खालचा दांडा सांगाड्याला दाबतो. गुडघा जितका सरळ होत जाईल तितका त्याचा जोर वाढतो. आणि फोमही तसाच वागतो: पहिल्या अर्ध्या इंचाला फारशी हरकत घेत नाही, पुढं पुढं अडून बसतो. जिथं फोम हट्टाला पेटतो नेमकं तिथंच तुमचं यंत्र ताकदवान होतं. तुम्ही हे जमिनीवर बसून, माझ्याच दोन फूटपट्ट्यांना टाचणी टोचून दाखवलंत. मी आठवी पास. त्या टाचणीने मला जे समजलं ते शाळेत समजलं असतं तर किती बरं झालं असतं!

गुडघा सरळ रेषेच्या किंचित पुढं गेला की तिथंच अडकतो. मग पाय काढून घेतला तरी दाब तसाच राहतो. तात्या, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. माझे दोन्ही हात आणि दोन्ही पाय मोकळे, आणि फोम मात्र दाबलेला.

बाकीचं यंत्र तुम्ही उद्यमनगरातल्या ओळखीवर आणि भंगारावर उभं केलंत. लोखंडी चॅनेलचा सांगाडा तुमच्या जुन्या शेडमध्ये वेल्ड झाला. पफी फिरली पाहिजे म्हणून खालच्या तबकडीला आधी नुसतं ग्रीस लावून बघितलंत. दाब आला की ती जाम व्हायची. मग जीपच्या पुढच्या चाकातली टेपर बेअरिंग आणलीत. वरचा दांडाही पफीबरोबर फिरला पाहिजे, नाहीतर सांगाडा घासणार. म्हणून त्याच्या टोकाला वाटीत एकच पोलादी गोळी बसवलीत. आता साठ किलो दाबाखालची पफी मी एका बोटाने फिरवते. तबकडी पफीपेक्षा सगळीकडून इंचभर लहान ठेवलीत, कारण त्या चार दिवसांत तुम्ही बघितलं होतं की कापड वर ओढताना माझी बोटं खालून वळतात.

सगळं पहिल्या फटक्यात जमलं नाही. अडकलेला गुडघा सोडवला की फोम उसळायचा आणि पायडल उडून नडगीवर बसायचं. त्याला तुम्ही स्कूटरचा जुना शॉकॲब्सॉर्बर लावलात. नंतर एका रेक्झीनच्या पफीला मी हौसेने दीड इंच दाब दिला, आणि सोडल्याबरोबर पायपिंगची शिवण सगळी उसवली. मी रडवेली झाले होते. तुम्ही काही बोलला नाहीत. दाबदांड्याचे आटे फिरवून त्याची लांबी कमीजास्त होते, त्याच्यावर कानशीने तीन खाचा पाडून दिल्यात: रेक्झीनला एक इंच, साध्या कापडाला सव्वा, जाड मखमलीला दीड. त्यानंतर एकही शिवण गेली नाही.

पण या पत्रात मला ज्याचे आभार मानायचे आहेत ती गोष्ट वेगळीच आहे. यंत्र उभं राहिल्यावर आमचा मुलगा म्हणाला, तात्या, कापड ओढायलासुद्धा चिमटे लावा ना, म्हणजे आईला काहीच करायला नको. तुम्ही त्याला जवळ बसवलंत आणि माझ्याकडे बघायला सांगितलंत. मी तेव्हा मखमल ओढत होते. आधी चार बाजूंच्या मधोमध एकेक पिन, समोरासमोर. मग त्यांच्या मधल्या जागा. गोल कडेच्या चुण्या सगळ्यात शेवटी. लव एकाच दिशेला राहिली पाहिजे, उभा धागा सरळ राहिला पाहिजे, आणि कुठे किती ओढायचं हे अंगठ्याखाली कापड किती ‘देतंय’ त्यावर ठरतं. तुम्ही त्याला म्हणालात, “दाब द्यायला अक्कल लागत नाही, ते लोखंड करंल. हे जे आई करतीया, ते लोखंडाला कसं शिकवू?”

माझ्या कामाला कुणी असं म्हटल्याचं मला आठवत नाही. मामंजी चांगले कारागीर होते, पण कौतुक करायची त्यांची पद्धत नव्हती. गिऱ्हाईक म्हणतं, पफी छान झाली. तुम्ही चार दिवस बघून माझ्या कामातलं ओझं कुठलं आणि कसब कुठलं हे वेगळं काढलंत, ओझं लोखंडाला दिलंत आणि कसब माझ्याकडे ठेवलंत. मुलगाही त्या दिवसापासून गन हातात घ्यायच्या आधी कापडाचा धागा बघायला लागलाय.

बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतः सिनेमाचा कॅमेरा तयार केला, हे आम्ही लहानपणापासून अभिमानाने सांगतो. मी आता माझ्या दुकानात येणाऱ्याला त्याच अभिमानाने तुमचा गुडघा दाखवते.

चाळीस पफी वेळेच्या दोन दिवस आधी गेल्या. आधी दोघं मिळून दिवसाला आठ करत होतो. आता मी एकटी अकरा करते आणि संध्याकाळी कंबर धरून बसावं लागत नाही. ह्यांची बोटं बरीच सुधारली आहेत. ते कापणी करतात आणि गिऱ्हाइकांशी बोलतात. गुडघा मात्र मी त्यांना टेकू देत नाही. तुमच्या हातचा नकाशा दोघांनी मागून नेला, एक इचलकरंजीचे आणि एक निपाणीचे. तुम्ही सांगितलं होतं तसा पैसे न घेता दिला आणि बेअरिंगचं आवर्जून सांगितलं.

तुम्ही आमच्याकडून फक्त चॅनेलचे आणि बेअरिंगचे पैसे घेतलेत, तेही चिठ्ठीवर हिशोब मांडून. मजुरीचं विचारलं तेव्हा म्हणालात, चहा प्यायलो की इतके दिवस. मी तेव्हा गप्प बसले, पण ते माझ्या मनाला पटलेलं नाही.

ताईंकडून कळलं की तुमच्या पायांना सूज येते आणि डॉक्टरांनी पाय वर ठेवून बसायला सांगितलंय. यंत्रावर निघालेली पहिली पफी मी विकलेली नाही. निळ्या मखमलीची आहे. एका बाजूला चुण्या थोड्या दाट पडल्यात, तेव्हा माझा हात यंत्राला सरावला नव्हता. पण ताण चारी बाजूंनी सारखा आहे, तुम्ही अंगठा फिरवून बघा. मुलगा रविवारी मिरजेला घेऊन येईल. पफीचे पाय अजून बसवलेले नाहीत. तुमच्या खुर्चीची बैठक जमिनीपासून किती इंच आहे, ते ताईंना मोजून कळवायला सांगा. त्यापेक्षा दोन इंच कमी धरून कापते.

तुमची,
गल्लीतली पोर