दवाखान्यातल्या मामांना, भुरीच्या घरच्यांकडून

मामा, नमस्कार.

व्हॉट्सॲपवर थँक्यू म्हटलं असतं तर तुम्ही हात जोडलेला इमोजी टाकून मोकळे झाला असता, म्हणून हे मुद्दाम सगळ्यांसमोर आणि जरा ऐसपैस लिहितेय. ज्यांच्या घरी कुत्र्याचं नवीन पिल्लू आलंय त्यांच्याही कामी येईल, कारण तुम्ही आमच्या केसपेपरच्या पाठीमागे, पिल्लाला शू-शीची शिस्त कशी लावायची ते, पेनाने जे खरडून दिलंत ते इतकं सरळ कुणीच सांगत नाही हो, जो तो आपला "फटका द्या, शिकेल" एवढंच सांगतो.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात तुमचं काम खरं तर गाई-म्हशी-शेळ्यांचं. आम्ही बाजाराच्या पिशवीत दोन महिन्यांचं गावठी पिल्लू घेऊन आलो तेव्हा पुढे पाय सुजलेली एक शेळी आणि मागे म्हशीचं काहीतरी विचारायला आलेले दोघं, त्यात आमची भुरी पिशवीतच शू करून मोकळी. डॉक्टरांनी तपासलं, जंताचं औषध दिलं, लसींच्या तारखा लिहिल्या, आणि आम्ही निघालो तर तुम्ही व्हरांड्यात थांबवून एकच प्रश्न विचारलात, "खायला कधी देता?" नवरा म्हणाला, मागेल तेव्हा. तुम्ही म्हणालात, "मग शी पण मागेल तेव्हाच होणार की!"

त्या एका वाक्यात सगळं आलं बघा. तोपर्यंत घरात चर्चा फक्त शू-शीची, कुठे केली, कुणी पुसायची, आणि तुम्ही मात्र वाटीपासून सुरुवात केलीत. पिल्लाच्या पोटात अन्न पडलं की आतडी हलायला लागतात, त्यामुळे खाल्ल्यावर पाच मिनिटं ते अर्धा तास ह्यात शी येतेच, मग खायची वेळ बांधली की शीची वेळ आपोआप बांधली जाते. वाटी दिवसभर भरून ठेवली तर कुणी ब्रह्मदेव आला तरी अंदाज बांधू शकणार नाही. तुम्ही लिहून दिलेल्या वेळा सकाळी ७, दुपारी १२, ४ आणि रात्री ८, वाटी १५-२० मिनिटं ठेवायची, उरलं तर उचलायची, मध्ये काही नाही. तीन महिन्यांनंतर तीन वेळा आणि सहा महिन्यांनंतर दोन. आता भुरी दोन वेळांवर आलीये आणि वाटी ठेवायला उशीर झाला तर स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसते, भुंकत नाही, नुसती बघते, ते जास्त त्रासदायक असतं.

शूचं गणित वेगळं. जितके महिने वय साधारण तितके तास, फार तर एखादा तास वर, त्याहून जास्त पिल्लाला धरवतच नाही. म्हणजे दोन महिन्यांच्या पोरीकडून रात्रभराची अपेक्षा करणं हाच मूर्खपणा. झोपेतून उठली की, खाल्लं की, पाणी प्यायली की, खेळून दमली की उचलून न्यायची, आणि नाक जमिनीला लावून गोल गोल फिरायला लागली तर पळतच न्यायची. रात्री अलार्म लावायचा, लाइट मोठा लावायचा नाही, गप्पा मारायच्या नाहीत, शू झाली की परत झोप. हे रात्रीचं काम नवऱ्याने केलं, त्याचं श्रेय त्याला, भर पावसात एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात भुरी घेऊन गच्चीवर उभा राहायचा आणि "शू कर गं बाई" म्हणून विनवण्या करायचा.

आणि गच्चीच का, तर लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर खाली सोडायची नाही हे तुम्ही दोनदा बजावलंत. पार्व्हो ह्या कुत्र्यांच्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो, दिसत तर काहीच नाही, आणि पिल्लाला झाला तर हगवण-उलट्यांनी दोन-तीन दिवसांत खेळ संपू शकतो. म्हणून गच्चीच्या कोपऱ्यात विटांचा चौकोनी वाफा, त्यात नर्सरीतून आणलेली माती (रस्त्याकडेची नको, तिथे इतर कुत्री जातात), आणि घरात जिथे शू केली ती पुसलेलं फडकं पहिल्या दिवशी त्या मातीत ठेवायचं म्हणजे तिला वासाने कळतं की जागा ही आहे. मला आधी ते किळसवाणं वाटलं पण डोकं आहे त्यात. वर्तमानपत्रावर शिकवू नका म्हणालात तेही बरोबरच होतं, माझ्या बहिणीच्या कुत्र्याला तसं शिकवलंय आणि आता तिच्याकडे रविवारची पुरवणी जमिनीवर पसरून वाचायची सोय राहिली नाही. लहानपणी ज्याच्यावर सवय लागते, माती म्हणा, कागद म्हणा, ते पायाखाली आलं की ह्यांना तेच आठवतं. पायपुसणी पण त्याच कारणाने उचलायला लावलीत ना, मऊ आणि पाणी शोषणारं.

झाल्याझाल्या तिथेच, त्याच जागी, उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा. घरात येऊन दिला तर तिला वाटतं घरात आल्याबद्दल मिळाला. आणि घरात केली तर ओरडायचं नाही, नाक तर अजिबात घासायचं नाही, कारण तिला एवढंच कळतं की माणसांसमोर शू करणं धोक्याचं, मग ती सोफ्यामागे जाऊन करायला शिकते. फिनाईलही बंद केलंत. त्याने आपल्या नाकाचं समाधान होतं, तिच्या नाकाला शूचा वास येतच राहतो, वर ते चाटलं तर पोटात जाणार. व्हिनेगर-पाणी मारून पुसायचं, वर थोडा खायचा सोडा.

एक गोष्ट मात्र शिकवण्यातली नव्हतीच. नवरा ऑफिसमधून आला की भुरी आनंदाने जमिनीला लोळण घालायची आणि तिथेच थेंब थेंब शू. तुम्ही म्हणालात तिला कळत पण नाही ती करतेय ते, रागावलात तर वाढेल. आल्यावर दोन-चार मिनिटं तिच्याकडे बघूच नका, हातपाय धुवा, मग बसून हळू हाक मारा. मोठी होता होता गेलं ते.

पण मामा, खरे आभार सासूबाईंसाठी. त्यांच्या माहेरी कुत्रं म्हणजे दूध-भाकरी, त्यामुळे दिवसभर बशीत दूध आणि ताटातला घास चालू, आणि भुरीचं पोट कायम ढिलं. बऱ्याच पिल्लांना गाई-म्हशीच्या दुधातली साखर पचत नाही हे मी सांगितलं तर "आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही." तुम्ही मात्र त्यांना नको म्हणालाच नाहीत. त्यांना खुर्ची दिलीत आणि म्हणालात, "आजी, दुपारी चारची वाटी तुमच्याकडे, दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका." झालं! कोमट पाण्यात भिजवलेलं पिल्लांचं खाणं, त्यात कधी चमचाभर उकडलेला लाल भोपळा, कधी अर्धं उकडलेलं अंडं, आणि घड्याळाकडे असं लक्ष की टीव्हीवरची सिरीयल अर्ध्यात सोडून उठतात. कांदा-लसूण, मनुका-द्राक्षं, चॉकलेट आणि शिजवलेली हाडं तिला द्यायची नाहीत हे आता त्याच आल्यागेल्याला ऐकवतात, मागच्या महिन्यात तर लेकाच्या मित्राच्या हातातून चॉकलेट काढून घेतलं, त्याच्या स्वतःच्या! माणसाला नाही म्हणण्याऐवजी काम द्यायचं, हे तुम्ही रोज हट्टी शेतकऱ्यांशी आणि त्याहून हट्टी म्हशींशी वागून शिकला असणार.

तपासणीसाठी काडेपेटीत भुरीची शी भरून आणायला लावली होती तेव्हा बसमध्ये माझी काय अवस्था होती ते जाऊ दे.

आता डॉक्टर म्हणतायत भुरीचं नसबंदीचं ऑपरेशन करून घ्या. तुमची ड्युटी असेल असाच दिवस बघून सांगा, बाकी कुणी धरलं तर ती अंग चोरते. आणि आदल्या रात्री किती वाजल्यापासून उपाशी ठेवायची ते प्लीज सासूबाईंना तुम्हीच फोन करून सांगा, माझं त्या ऐकायच्या नाहीत. तुमच्यासाठी कुरडया बांधून ठेवल्यात, येताना आणते.

भुरीच्या घरचे सगळे