सात घटकांचा अहवाल दुरुस्त करून मिळण्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
पणजी, गोवा

महोदय,

डिचोली, सत्तरी आणि पेडणे तालुक्यांतल्या २०० मराठी प्राथमिक शिक्षकांनी भरून दिलेल्या प्रश्नावलीचं घटक विश्लेषण, म्हणजे एकत्र जाणाऱ्या विधानांचे मोजके गट (घटक) शोधण्याचं काम, मी पैसे भरून आपल्याकडे सोपवलं होतं. विषय कामाचा ताण, विधानं २४. आपल्या अहवालात त्यातून सात घटक काढलेले आहेत. ते मला मान्य नाहीत.

कारण विचारलं तेव्हा आपल्या विश्लेषकांनी फोनवर सांगितलं, "आयगेन व्हॅल्यू एकच्या वर आहेत, सॉफ्टवेअरनेच सात दिले." आयगेन व्हॅल्यू म्हणजे एखादा घटक उत्तरांतला किती फरक सामावून घेतो त्याचं माप. ती एकच्या वर असेल तो घटक ठेवायचा, हा निकष एसपीएसएस या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये आधीपासूनच लावलेला असतो, हे खरं. पण विधानांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नसला, तरी २०० जणांच्या नमुन्यात निव्वळ योगायोगाने काही आयगेन व्हॅल्यू एकच्या वर जातातच. २४ विधानं असली की पहिली तर दीडच्याही पुढे सहज जाते. म्हणजे एक ही रेघ मुळातच फार खाली आहे.

यावर मानसशास्त्रज्ञ जॉन हॉर्न यांनी १९६५ सालीच उपाय दिला आहे: पॅरलल अॅनालिसिस. तेवढेच प्रतिसादक आणि तेवढीच विधानं घेऊन संगणकाकडून यादृच्छिक, म्हणजे निव्वळ योगायोगाने भरलेल्या, माहितीचे शेकडो संच तयार करायचे, प्रत्येकाच्या आयगेन व्हॅल्यू काढायच्या आणि आपली पहिली त्यांच्या पहिलीशी, दुसरी दुसरीशी ताडून पाहायची. योगायोगाच्या वर उरतील तेवढेच घटक ठेवायचे. तुलना सरासरीशी न करता ९५व्या शतमकाशी (यादृच्छिक संचांतले ९५ टक्के आकडे ज्याच्या खाली राहतात त्या आकड्याशी) केली तर कस आणखी कडक होतो. झ्विक आणि व्हेलिसर या संशोधकांनी १९८६ मध्ये निरनिराळे निकष तपासले, त्यात ही पद्धत सर्वांत अचूक ठरली आणि एकचा निकष घटक फुगवणारा निघाला.

मी 'आर' या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये हे स्वतः करून पाहिलं. माझी तिसरी आयगेन व्हॅल्यू १.९४, यादृच्छिक माहितीची १.५४. चौथी मात्र १.३१, आणि तिथे यादृच्छिक १.४६. घटक तीनच उरतात. आपल्या सहाव्या आणि सातव्या घटकात दोन-दोनच विधानं आहेत, आणि एकाला तर 'इतर ताण' असं नाव दिलं आहे! हे मार्गदर्शकांपुढे कोणत्या तोंडाने ठेवू? शाळा सुटल्यावर थांबून ज्या शिक्षकांनी मनापासून उत्तरं लिहिली, त्यांच्या बोलण्याचा अर्थ असा विस्कटलेला मला चालणार नाही.

तीन हा आकडाही डोळे झाकून घ्या असं मी म्हणत नाही. दोन आणि चार घटक ठेवूनही विधानांची मांडणी पाहावी, अर्थ लागतो का ते तपासावं. माझी उत्तरं पाच पर्यायांची आहेत, म्हणून यादृच्छिक संच प्रत्येक विधानाची खरी उत्तरं प्रतिसादकांमध्ये आपापसांत अदलाबदल करून बनवावेत, आणि तसं केलेलं सिम्युलेशनही जोडावं.

तरी विश्लेषण जादा शुल्क न घेता नव्याने करून द्यावं. किती संच घेतले, कोणतं शतमक वापरलं हे अहवालात नमूद असावं आणि वापरलेला कोड सोबत मिळावा. पंधरा दिवसांत हे झालं नाही, तर भरलेली रक्कम परत मागून मी ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपली,
एक संशोधक विद्यार्थिनी
डिचोली, गोवा