आधी माल मोजा, मग ईआरपी घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गोव्यात वेर्णा, कुंडई, पिळर्ण, डिचोली इथल्या औद्योगिक वसाहतींत वीस-तीस कामगारांचे कारखानेही आता ईआरपीकडे, म्हणजे खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशेब एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, वळत आहेत. निम्मा रेटा कायद्याचा आहे. वार्षिक उलाढाल ५ कोटींवर असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून व्यापाऱ्याला दिलेल्या बिलासाठी ई-इन्व्हॉइस (जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल) सक्तीचे झाले. त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून कंपनी म्हणून नोंदलेल्या प्रत्येकाला हिशेबाचे सॉफ्टवेअर असे लागते, की कोणती नोंद कधी बदलली याचा माग त्यात राहील आणि तो बंद करता येणार नाही. मार्चअखेरीस मागच्या तारखेत शिरून साठा 'जुळवला', तर ते लेखापरीक्षकाला दिसते.

मालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हिशेबाचे टॅलीच वाढवू, की ओडू किंवा ईआरपीनेक्स्ट यांपैकी एखादे ईआरपी घेऊ? खरे तर गाडी अडते ती स्टोअरमध्ये. तिथे किती जिन्नस आहेत आणि प्रत्येकाला काय म्हणतात, हे कागदावर नसेल तर कोणतेही सॉफ्टवेअर सहा महिन्यांत नुसते बिल छापण्याचे यंत्र होऊन बसते.

फॅब्रिकेशनचे उदाहरण घ्या. ५० बाय ५० बाय ६ मिलिमीटरचा एम.एस. अँगल (साध्या पोलादाची काटकोनी पट्टी) खरेदीच्या बिलात एका नावाने येतो, स्टोअरच्या वहीत 'दोन इंची अँगल' असतो, सुपरवायझर नुसते '५० चा' म्हणतो. संगणकात या तिन्ही नावांनी तीन जिन्नस उघडले जातात. एकाचा साठा वाढत राहतो, दुसऱ्याचा शून्याखाली जातो. त्याहून वाईट घोळ एककाचा. अँगल वजनकाट्यावर किलोने विकत घेतात आणि कामाला बारने देतात. याचे वजन मीटरला ४.५ किलो, म्हणजे सहा मीटरचा बार २७ किलोचा. जिन्नस उघडताना हे गुणोत्तर भरले नाही आणि स्टोअरकीपरने '२' लिहिले, तर संगणक २ किलो वजा करतो. प्रत्यक्षात ५४ किलो गेलेले असतात. असे दहा वेळा झाले की ५२० किलो लोखंड फक्त पडद्यावर उरते, खरेदीची सूचना येत नाही आणि ऐन ऑर्डरीत काम थांबते. गुणोत्तर भरले तरी काट्याचे वजन आणि हिशेबाचे वजन तंतोतंत जुळत नाही. तो फरक दर महिन्याला 'वजनफरक' म्हणून वेगळा टाकावा. कापून उरलेल्या तुकड्यांनाही नियम हवा: मीटरभराहून लांब असेल तर परत स्टोअरला, नाहीतर भंगारात, आणि दोन्हीची नोंद वजनाने.

काजूचा प्रश्न उलटा आहे. बहुतेक सॉफ्टवेअर अनेक भाग जोडून एक वस्तू होते असे धरून बांधलेले असते. काजूत एका पोत्यातून डब्ल्यू १८०, २४०, ३२० (या अख्ख्या गराच्या प्रती), पाकळी, तुकडा, कणी असा डझनभर प्रतींचा माल निघतो आणि सगळा गर मिळून बियांच्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा भरतो. खर्चाची वाटणी वजनावर केली तर कणीलाही अख्ख्या गराइतकाच खर्च लागतो. मग कणी कायम तोट्यात दिसते, १८० भरमसाट नफ्यात, आणि मालक चुकीच्या मालाचा भाव पाडतो. वाटणी विक्रीमूल्याच्या प्रमाणात करायला हवी. डेमो पाहताना विक्रेत्याला हेच करून दाखवायला सांगा, तो रंगीत आलेख दाखवतो त्यात अडकू नका. वाळवणीतली घट हीसुद्धा स्वतंत्र नोंद असावी. नाहीतर ती चोरीसारखी दिसते आणि बालंट स्टोअरकीपरवर येते.

प्लेटिंगला किंवा मशिनिंगला बाहेर गेलेला माल विक्रीत धरू नये. तो बिलावर नव्हे, डिलिव्हरी चलनावर जातो आणि कच्चा माल वर्षाच्या आत परत आला नाही, तर पाठवला त्या दिवशीच पुरवठा झाला असे धरून जीएसटी व व्याज लागते. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक जॉबवर्करच्या (बाहेर काम करून देणाऱ्याच्या) नावाने वेगळे गोदाम उघडले की कोणाकडे काय अडकले आहे ते दिसते.

आता सर्वांत मोठा मोह. संध्याकाळचे पाच, फाटकात टेम्पो भरून उभा, आणि संगणक बिल काढू देत नाही, कारण सकाळी आलेल्या मालाची आवक अजून भरलेली नाही. मालक म्हणतो, 'ते निगेटिव्ह स्टॉक चालू करा बघू.' म्हणजे साठा शून्याखाली गेला तरी बिल निघू देणारी सोय. एकदा चालू केली की ती पुन्हा कोणी बंद करत नाही आणि साठ्याचा आकडा त्या दिवसापासून निरर्थक होतो. उपाय साधा आहे: आवकेची नोंद ऑफिसात न करता फाटकाजवळ, माल उतरतानाच व्हावी. मोबाइल पुरतो. पावसाळ्यात वीज आणि इंटरनेट जाणारच. त्यासाठी छापील क्रमांकाचे तीन प्रतींचे चलनबुक ठेवावे आणि नंतर क्रमांकानेच नोंदी चढवाव्यात. सुटलेला क्रमांक लगेच कळतो.

सुरुवातीच्या साठ्यासाठी कारखाना शनिवार-रविवार बंद ठेवून प्रत्यक्ष मोजणी करावी. (चतुर्थीची सुटी त्यासाठी सुचवणारे सल्लागार गोव्याबाहेरचेच असणार.) प्रत्येक ढिगाला क्रमांकाचा टॅग, एक मोजणारा आणि एक लिहिणारा. दुसऱ्या जोडीने पहिला आकडा न पाहता पुन्हा मोजावे आणि फरक पडेल तेवढेच तिसऱ्यांदा. सोमवारपासून चिठ्ठीशिवाय खिळाही बाहेर जाऊ नये. आधी फक्त खरेदी, आवक, जावक आणि बिल चालवा. तीन महिने पडद्यावरचा आकडा आणि रॅकवरचा माल जुळला, तरच उत्पादनाचा भाग उघडा. जुनी वही महिनाभर सोबत ठेवावी, त्यापुढे नको. राहिली तर नोंद वहीत होते आणि संगणकात दुसऱ्या दिवशी उतरवली जाते.

करारात दोन कलमे लेखी मागावीत: मुख्य प्रशासकाचा पासवर्ड कंपनीकडे राहील आणि सगळा डेटा केव्हाही एक्सेलमध्ये काढून मिळेल. विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर आगाऊ रक्कम देण्याआधीच बोलणी थांबवा.

आपला,
एक लेखापाल, फोंडा