डॉ. बोडोर यांना, अकोल्याहून

आदरणीय डॉ. निकोलस बोडोर यांस,
सादर नमस्कार.

मी अकोल्यात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. माझ्या मुलाला दर उन्हाळ्यात डोळ्यांची ॲलर्जी होते. वरच्या पापणीच्या आत खडबडीत उंचवटे, दोऱ्यासारखा चिकट स्राव, आणि खाज इतकी की झोपेतही डोळे चोळतो. दोन वर्षं आम्ही एकाच जुन्या चिठ्ठीवर स्टेरॉइडचे थेंब आणत राहिलो. दोन दिवसांत लाली उतरायची, म्हणून पुन्हा दाखवायला गेलोच नाही. ती चूक माझी. मग तपासणीत डोळ्याचा दाब वाढलेला निघाला. नऊ वर्षांच्या पोराच्या बाबतीत ‘काचबिंदू’ हा शब्द ऐकला आणि मला खुर्चीतून उठवेना.

डॉक्टरांनी थेंब बदलून दिले: लोटेप्रेडनॉल, तुम्ही घडवलेलं स्टेरॉइड. त्यांचे आभार मी समोरासमोर मानले. तुमचे कुठे मानणार, म्हणून हे जाहीर पत्र.

त्या रात्री मी रेणूची रचना शोधून वहीत काढली. प्रेडनिसोलोन या जुन्या स्टेरॉइडमध्ये विसाव्या कार्बनवर कीटोन असतो. तुम्ही तिथे एस्टर बसवलात! एस्टर पाण्याने तुटतो, हे मी दरवर्षी फळ्यावर शिकवते. पण त्या तुटण्याचा असा उपयोग माझ्या कधी मनात आला नव्हता. औषध शरीरात शेवटी काय होऊन उरावं, हे तुम्ही आधी ठरवलंत. शरीरावर काहीच परिणाम न करणारं एक आम्ल घेतलंत, त्याला दोन जोड देऊन दाह शमवणारं केलंत. काम झालं की डोळ्यातलीच विकरं (एन्झाइम) ते जोड तोडतात आणि पुन्हा निरुपद्रवी आम्ल उरतं. त्यामुळे दाब वाढण्याचा धोका जुन्या थेंबांपेक्षा बराच कमी. फ्लोरिडा विद्यापीठात तुम्ही रुजवलेल्या या ‘सॉफ्ट ड्रग’च्या विचारातून आलेल्या थेंबांना अमेरिकेत १९९८ साली मान्यता मिळाली. माझ्या मुलाच्या जन्माच्या कितीतरी आधी तुम्ही त्याच्या डोळ्यांची काळजी करून ठेवली होतीत.

धोका कमी झाला, संपला नाही, हे आता मला कळतं. डॉक्टर सांगतील तितकेच दिवस, बाटली हलवून, ते दुधाळ थेंब मी त्याच्या डोळ्यांत घालते. दाब नेमाने तपासतो. परवा दोन्ही डोळ्यांत १४ आला, म्हणजे अगदी सामान्य, आणि घरी येताच तो टोपी घालून सायकल घेऊन पळाला.

आपली ऋणी,
एक आई